स्वामी रामानंद तीर्थ आणि 1948 ची नाकेबंदी

17 सप्टेंबर जवळ आला की आपल्या भागात स्वामी रामानंद तीर्थांचे नाव निघतेच. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, अफझलपूर या पट्ट्यातल्या मराठी घरांमध्ये ते आजोबांच्या तोंडून ऐकलेले असते. भगवी कफनी घातलेले, निजामाच्या राजवटीविरुद्ध उभे राहिलेले, वर्षानुवर्षे तुरुंगात काढलेले संन्यासी अशी त्यांची प्रतिमा सर्वांना परिचित आहे. त्यांच्या चरित्रातला एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. तो भाग करोडगिरीच्या नाक्यांचा, पेट्रोलच्या पिंपांचा, औषधांच्या पेट्यांचा आणि हाली-कलदार रुपयांचा आहे. 1947 ची अखेर ते सप्टेंबर 1948 या काळात भारत सरकार आणि हैदराबाद संस्थान यांच्यामध्ये लष्करी कारवाईआधी एक आर्थिक लढाई झाली. ती आपल्या गावांच्या शिवेवर झाली आणि तिची झळ आपल्याच माणसांना लागली. स्वामीजींच्या आयुष्याबरोबर ती हकिकत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

सिंदगी ते हिप्परगा

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी येथे. सिंदगी तेव्हा मुंबई इलाख्यात होती आणि थोड्याच अंतरावर निजामाचा गुलबर्गा जिल्हा सुरू होत असे. या बाजूला इंग्रजांचा कायदा, त्या बाजूला निजामाचा. या बाजूला कलदार रुपया, त्या बाजूला हाली. भाषा मात्र दोन्हीकडे त्याच होत्या, कन्नड आणि मराठी, आणि देवदर्शनाला, बाजाराला, सोयरिकीला लोक दोन्हीकडे जात-येत असत. पुढे ज्या माणसाने या सरहद्दीचा अर्थच बदलून टाकला तो तिच्या अगदी काठावर जन्मला होता.

शिक्षणासाठी ते सोलापूरला गेले. लोकमान्य टिळकांचे निधन झाले तेव्हा ते विद्यार्थी होते. त्या दिवशी त्यांनी अविवाहित राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. असहकाराच्या लाटेत सरकारी शिक्षण सोडून ते राष्ट्रीय शिक्षणाकडे वळले. अमळनेर आणि पुढे पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ हे त्यांचे टप्पे. त्यानंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले. गिरणी कामगारांच्या मजुरीचा हिशोब, संपाच्या काळातली उपासमार, मालकांशी वाटाघाटी हे सर्व त्यांनी जवळून पाहिले. पोटाला चिमटा बसला की माणसे किती दिवस टिकतात, हा धडा त्यांना तिथे मिळाला असला पाहिजे.

1929 मध्ये ते निजामाच्या मुलखात आले ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून. हे हिप्परगा आजच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा-उमरग्याच्या बाजूला, म्हणजे आपल्या बसवकल्याणपासून फार लांब नाही. याच काळात त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेशाचे रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतल्यावर ते मठात गेले नाहीत, शाळेतच राहिले. 1935 मध्ये बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह ते अंबाजोगाईला गेले आणि तिथली योगेश्वरी शाळा त्यांनी नावारूपाला आणली. मराठवाड्याच्या पुढच्या लढ्यातले कितीतरी कार्यकर्ते या शाळांमधून घडले.

जन्माआधीच बंदी

1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, स्वामीजी त्यात उतरले आणि तुरुंगात गेले. 1940 च्या वैयक्तिक सत्याग्रहातही त्यांना बंदिवास घडला. बंदी उठली ती थेट 1946 मध्ये. त्यानंतर ते स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मवाळ गटाला निजामाशी जुळवून घ्यावेसे वाटत होते. स्वामीजी आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे सहकारी पूर्ण जबाबदार राज्यपद्धतीपेक्षा कमी काही मानायला तयार नव्हते.

जून 1947 मध्ये निजामाने फर्मान काढले की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. त्याच महिन्यात हैदराबादेत स्टेट काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि अध्यक्षपदावरून स्वामीजींनी भारतात विलीन होण्याची भूमिका घेतली. 7 ऑगस्ट 1947 हा दिवस भारतात सामील व्हा दिन म्हणून पाळला गेला. 15 ऑगस्टला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली.

लढ्याचे कार्यक्रम पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. प्रभातफेरी आणि झेंडावंदन होतेच, पण त्याबरोबर सरकारी लेव्हीचे धान्य न देणे, जंगल सत्याग्रह, शिंदीची झाडे तोडणे आणि करोडगिरीची नाकी मोडणे हेही होते. शिंदीचे झाड तोडले की आबकारीचे उत्पन्न बुडते. नाके मोडले की जकात बुडते. लेव्ही अडवली की सरकारी कोठार रिकामे राहते. बंदूक हातात नसलेल्या माणसाने राजवटीच्या तिजोरीवर केलेला हा वार होता. भारत सरकारने बाहेरून कोंडी करण्यापूर्वी रयतेने आतून ती सुरू केली होती.

जैसे थे करार

29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. विलीनीकरणाचा प्रश्न तोवर बाजूला ठेवायचा आणि व्यवहार पूर्वीप्रमाणे चालू द्यायचे, असा त्याचा आशय. कराराबरोबर स्वामीजींची सुटका झाली. ते दिल्लीला जाऊन नेत्यांना भेटले. पण करार फार दिवस सुखाने चालला नाही.

काही आठवड्यांतच हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने सोन्या-चांदीसारख्या मौल्यवान धातूंची भारतात निर्यात रोखली, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात अग्राह्य ठरवले. याच सुमारास संस्थानाने पाकिस्तानला 20 कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचे उघड झाले, आणि तेही भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात. दिल्लीच्या दृष्टीने हा करारभंग होता. हैदराबादचे उलट म्हणणे असे की भारताने शस्त्रे आणि माल अडवून करार आधी मोडला आहे.

चलनाचा वटहुकूम कागदावर लहान दिसतो, पण आपल्या भागात त्याचा अर्थ मोठा होता. साधारण 7 हाली रुपये म्हणजे 6 कलदार असा भाव चालत असे आणि सरहद्दीवरच्या बाजारात दोन्ही नाणी फिरत. सोलापूरच्या पेठेत माल घालणारा भालकीचा किंवा आळंदचा शेतकरी कलदार घेऊन परत येई. तोच रुपया आता घरी आणल्यावर खोटा ठरत होता.

26 जानेवारी 1948 रोजी स्वामीजींना पुन्हा अटक झाली. पुढचे जवळजवळ आठ महिने ते तुरुंगात होते. म्हणजे ज्या काळात नाकेबंदी सर्वांत कडक झाली, त्या काळात लढ्याचा अध्यक्ष गजाआड होता. बाहेरचे काम दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने चालवले. सोलापूर, बार्शी, विजापूर, गदग अशा सरहद्दीपलीकडच्या ठिकाणी शिबिरे उघडली गेली आणि तिथून कार्यकर्ते रात्री आत येऊन करोडगिरीची नाकी आणि पोलीस चौक्या यांवर हल्ले करू लागले.

जाहीर न केलेली बंदी

हैदराबाद संस्थानाचा विस्तार सुमारे 82,000 चौरस मैल होता आणि लोकसंख्या दीड कोटीहून अधिक, पण त्याला समुद्र नव्हता. कोळसा सिंगरेणीला होता, सिमेंट शहाबादला होते, कापड गुलबर्ग्याच्या गिरणीत होत होते. पेट्रोल, रॉकेल, मीठ, यंत्रांचे सुटे भाग, औषधे हे मात्र बाहेरून, भारताच्या भूमीवरूनच यावे लागे. अशा राज्याची कोंडी करणे नकाशावर अगदी सोपे दिसते.

प्रत्यक्षात अडचणी पहिल्याच दिवसापासून होत्या. भारत सरकारने आपण संपूर्ण नाकेबंदी केली आहे असे कधी मान्य केले नाही. शस्त्रे आणि युद्धोपयोगी माल थांबवला आहे. अन्न, मीठ, औषधे यांवर बंदी नाही, अशी दिल्लीची भूमिका होती. पंतप्रधान लायक अली यांचे सरकार मात्र सांगत होते की दवाखान्यांची औषधे आणि पिण्याचे पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनसुद्धा येत नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असू शकते, कारण दिल्लीतला निर्णय आणि रस्त्यावरचा नाका यांच्यामध्ये मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांत अशी तीन प्रांतिक सरकारे, त्यांचे जिल्हाधिकारी आणि त्यांचे फौजदार होते. सरहद्दीवर रझाकारांच्या अत्याचारांच्या बातम्या रोज येत होत्या. त्या वातावरणात नाक्यावरच्या शिपायाने गाडी सोडण्यापेक्षा अडवणे पसंत केले तर नवल नव्हते.

जाहीर बंदीची यादी असते. काय बंद, काय चालू, हे व्यापाऱ्याला कळते आणि अन्याय झाला तर दाद मागता येते. इथे निर्णय नाक्यावर उभा असलेला माणूस घेत होता. पेट्रोल अडवणे आणि क्लोरीन अडवणे यांत दिल्लीने केलेला फरक नाक्यावर किती टिकला, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि आजही विचारावा लागतो.

दुसरी अडचण सरहद्दीच्या आकाराची होती. बार्शी तालुक्यातली काही भारतीय गावे चारी बाजूंनी निजामाच्या हद्दीने वेढलेली होती. त्यांच्याकडे जायचे तर संस्थानाच्या गावांतून जावे लागे, आणि जुलै 1948 मध्ये नानजजवळ याच कारणाने भारतीय सैनिकांवर हल्ला होऊन चकमक झाली. तिसरी अडचण रेल्वेची. मुंबई-मद्रास मार्ग सोलापूर सोडल्यावर गुलबर्गा, वाडी, रायचूर असा निजामाच्या मुलखातून जात होता. हैदराबादची वाट पूर्ण बंद करायची तर आपल्याच मुख्य मार्गावर संकट ओढवत होते. 22 मे 1948 रोजी गाणगापूर स्थानकावर गाडीवर सशस्त्र हल्ला झाला तेव्हा हे संकट किती खरे आहे ते सगळ्या देशाला दिसले.

आणि चौथी अडचण जगभर सारखीच आहे. माल अडला की भाव चढतो, आणि भाव चढला की रात्रीची वाट सापडते. ज्याच्याकडे बैल आणि धाडस आहे तो कमावतो. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो दुप्पट दाम मोजतो. कोंडी राजवाड्यासाठी असते, पण चिमणीतले रॉकेल आधी झोपडीतले संपते.

बीदरच्या धावपट्टीवर

जमिनीवरची वाट बंद झाल्यावर हैदराबादने आकाशातली वाट धरली, आणि इथे आपल्या बीदरचे नाव जगाच्या इतिहासात येते. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने हवाई छायाचित्रणाचे काम केले होते. त्याने लँकास्ट्रियन जातीची विमाने मिळवली आणि 1948 च्या उन्हाळ्यानंतर कराचीहून रात्रीच्या फेऱ्या सुरू केल्या. भारताच्या भूमीवरून अंधारात उडत ही विमाने बीदर आणि वरंगळ येथे उतरत. शस्त्रे आणि दारूगोळा उतरवून परत जात.

हा प्रकार भारत सरकारला माहीत नव्हता असे नाही. पण रात्री उंचावरून जाणारे विमान शोधून अडवण्याची साधने नव्या देशाकडे नव्हती. ब्रिटिश सरकारकडे तक्रारी गेल्या. अखेर लंडनमध्ये कॉटनवर खटला झाला तो हवाई वाहतुकीच्या नियमभंगाचा, आणि दंड झाला 200 पौंड. एवढ्या मोठ्या धंद्यापुढे ही रक्कम किती क्षुल्लक होती, हे सांगायला नको. बंदी एक देश घालतो, पण विमान दुसऱ्या देशातले, विमानतळ तिसऱ्या देशातला आणि कायदा चौथ्याच गोष्टीचा, अशी ही परिस्थिती होती.

पैशांचेही तसेच झाले. भारत सरकारने संस्थानाच्या रोख्यांच्या हस्तांतरावर बंधने घातली, पण लंडनच्या बँकेतले पैसे त्याच्या आवाक्याबाहेर होते. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबादच्या खात्यातले 10 लाख पौंडांहून थोडे अधिक तिथल्या पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या नावावर गेले. त्या पैशाचा वाद लंडनच्या न्यायालयात ऑक्टोबर 2019 मध्ये सुटला. तोवर रक्कम व्याजासह सुमारे 3.5 कोटी पौंड झाली होती. निकाल भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने लागला, पण त्यासाठी 71 वर्षे लागली.

या अडचणी हैदराबादपुरत्या नव्हत्या. 1935 मध्ये राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध घातले, पण त्यातून तेल वगळले आणि इटलीने अबिसिनिया जिंकलाच. दुसरीकडे, वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा भारत हा 1946 मध्ये पहिला देश होता. इतर देश त्या वाटेवर यायला अनेक वर्षे जावी लागली. एकट्याने धरलेली कोंडी गळतेच. जेव्हा आतली माणसे स्वतः उभी राहतात तेव्हाच बाहेरच्या दाबाला अर्थ येतो.

सप्टेंबर आणि त्यानंतर

1948 चा उन्हाळा आपल्या भागाला फार कठीण गेला. मे महिन्यात बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात रझाकारांनी कत्तल केली. अनेक कुटुंबे सामान बैलगाडीत घालून सोलापूरकडे निघाली. ऑगस्टमध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. 13 सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद, जहिराबाद या मार्गाने निघाले आणि 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. नऊ-दहा महिन्यांच्या कोंडीने जे झाले नाही ते सैन्याने पाच दिवसांत केले. मात्र आतल्या लढ्याने राजवटीचा गावांवरचा ताबा आधीच ढिला केला होता, हेही विसरून चालणार नाही.

या दिवसांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारवाईनंतर अनेक गावांत निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर भयंकर सूड उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान 27,000 ते 40,000 धरला आणि सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड यांच्याबरोबर बीदर आणि गुलबर्गा ही नावे घेतली. आपल्या गावांचा इतिहास सांगताना गोरटा सांगायचे आणि हे झाकायचे, असे करता येत नाही.

गुलबर्ग्याचे खासदार

पुढे स्वामीजी सत्तेच्या पदांपासून दूर राहिले. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते गुलबर्गा मतदारसंघातून लोकसभेवर गेले आणि 1957 मध्ये औरंगाबादहून. एकच माणूस आज दोन राज्यांत असलेल्या दोन मतदारसंघांचा प्रतिनिधी झाला. पी. व्ही. नरसिंह राव यांच्यासारखे तरुण त्यांच्या तालमीत तयार झाले. हैदराबाद राज्याचे विसर्जन होऊन भाषेप्रमाणे त्याचे भाग आपापल्या राज्यांना मिळावेत, हा त्यांचा आग्रह होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तसे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि बीदर म्हैसूर राज्यात आले. आपण मराठी माणसे इकडे राहिलो, मामा-आत्या तिकडे गेल्या.

22 जानेवारी 1972 रोजी स्वामीजींचे निधन झाले. हैदराबादेत बेगमपेठ येथे त्यांचे स्मारक आहे. 1994 मध्ये नांदेडला त्यांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले. त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या आठवणी हैदराबादच्या लढ्याचा महत्त्वाचा दस्तऐवज मानल्या जातात.

आज एखाद्या देशावर निर्बंध लादल्याची बातमी येते तेव्हा ती आपल्याला लांबची वाटते. पण बंद नाके, चोरवाटा, खोटा ठरलेला रुपया आणि न पोहोचलेले औषध हे सगळे आपल्या आजी-आजोबांनी पाहिले आहे. त्या वर्षी मीठ किती दामाला मिळाले, रात्री दिवा कशाचा लावला, गाव सोडून कोण कुठे गेले, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. ज्या घरात ती आहेत त्या घरातल्या तरुणांनी या 17 सप्टेंबरला त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि ऐकलेले लिहून ठेवावे. हिंदू शेजाऱ्यांचे ऐकावे तसे मुसलमान शेजाऱ्यांचेही ऐकावे. स्वामीजींच्या चरित्रातली तुरुंगाबाहेरची पाने त्याशिवाय पुरी होणार नाहीत.